खिशातली पिन

"काढली?" बारक्याने विचारलं.

भाऊजींनी शर्टाच्या खिशावरून हात फिरवला. पिन हाताला लागली. "काढली," ते म्हणाले.

बारक्याने चष्मा कपाळावर सरकवला, हातमोजे काढले, विजेची करवत ओंडक्यावर आडवी ठेवली आणि साखळीत अडकलेला भुसा बोटांनी उकरायला घेतला. शाळेच्या पटांगणातलं वाळकं झाड सकाळीच आडवं केलं होतं. आता त्याचे तुकडे पाडणं चाललं होतं आणि चिवट साल सारखी साखळीत गुंतत होती.

बारक्या हा भाऊजींच्या बायकोचा धाकटा भाऊ. वय अठ्ठेचाळीस, वजन नव्वद किलो, पण घरात पडलेलं नाव काही त्याच्याबरोबर वाढलं नाही. तो यांना भाऊजी म्हणायचा, म्हणून उद्यान विभागातले सगळेच म्हणायला लागले, अगदी अधीक्षक बाईसुद्धा. "सगळ्यांचा भाऊजी झालोय, मानपान मात्र एकाकडेही नाही," असं ते स्वतःच म्हणायचे.

अठरा वर्षं दोघांची जोडी होती. बारक्या कापायचा, भाऊजी भिंतीवरच्या विजेच्या बोर्डापाशी उभे राहायचे. नियम भाऊजींनीच घातलेला. कापणाऱ्याने पिनेला हात लावायचा नाही आणि पिनवाल्याने पिन सोडून हलायचं नाही. साखळीला हात लावायचा तर आधी पिन बोर्डातून ओढायची आणि ती लोंबती न सोडता स्वतःच्या खिशात टाकायची. फार पूर्वी दुसऱ्या एका टोळीत कोणा भल्या माणसाने लोंबती पिन पाहिली आणि आपली मदत म्हणून परत लावून टाकली होती. एका कामगाराची तीन बोटं गेली. विभागात या नियमाची थट्टा व्हायची, भाऊजी झोपतानाही पिन उशाशी घेतात म्हणून. पण अठरा वर्षांत या जोडीच्या हाताला साधं खरचटलं नव्हतं, आणि त्याचा भाऊजींना चांगलाच ताठा होता.

बारक्याने साखळी हाताने अर्धा फेरा ओढून पाहिली. मोजे घातले, चष्मा खाली घेतला, करवत उचलली. अजून त्याने "लावा" म्हटलं नव्हतं. मूठ नीट धरताना अंगठ्याखालचं बटण आणि चाप दोन्ही एकदम दाबले गेले, आणि साखळी फिरली.

फार तर दोन सेकंद. बारक्याने चाप सोडला. दोघे एकमेकांकडे बघत राहिले.

भाऊजींनी खिशात हात घातला. वर आली ती इस्त्रीची पिन, मागे वीतभर जळकी वायर. सकाळी बायकोने दिली होती, येताना तसलीच नवी आणा म्हणून. करवतीची पिन बोर्डात होती तिथेच होती, त्यांच्या कोपरापासून हातभर अंतरावर. त्यांनी ती ओढली.

"हात दाखव," ते म्हणाले.

"आहेत की भाऊजी. दहाच्या दहा."

"दाखव म्हटलं ना."

बारक्याने मोजे काढून दोन्ही पंजे पुढे केले. भाऊजींनी ते उलटेसुलटे करून पाहिले आणि सोडले.

"हे बघा," बारक्या आवाज खाली आणत म्हणाला, "झालं काय? काही नाही. मी ताईला सांगत नाही, तुम्ही बाईंना सांगू नका. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत तुमची."

"आणि त्या दोन वर्षांत?"

"त्या दोन वर्षांत इस्त्री घेऊन येऊ नका." बारक्या हसला. एकटाच हसला.

उरलेलं झाड तसंच टाकून त्यांनी सामान आवरलं. परतताना भाऊजींच्या डोक्यात एकच घोळत होतं. मागच्या महिन्यात घराला कुलूप लावून ते दोनदा अर्ध्या रस्त्यातून परत फिरले होते, आणि दोन्ही वेळा कुलूप लावलेलं होतं. वयाचं आहे म्हणून त्यांनी हसण्यावारी नेलं होतं.

घरी पोचताच बायकोने विचारलं, "मिळाली का पिन?"

त्यांनी चप्पलसुद्धा न काढता सगळं सांगितलं. मधलं काही गाळलं नाही. ती ऐकता ऐकता खाली बसली.

"बारक्याचा हात?"

"धड आहे."

"चार वर्षांचा होता, आई गेली तेव्हा. माझ्या कडेवर मोठा झालाय तो. तुम्ही आहात म्हणून मी त्याला या कामावर जाऊ दिलं."

"ठाऊक आहे मला."

"आता तुमच्या भरवशावर नाही जाऊ द्यायची."

एवढंच बोलून ती उठली आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला गेली. ती चिडली असती, चार गोष्टी ऐकवल्या असत्या, तर भाऊजींना बरं वाटलं असतं. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने त्यांच्यावर पहिल्यांदाच भरवसा ठेवला नव्हता, आणि तिचं चुकत नव्हतं. ते त्यांना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अधीक्षक बाईंसमोर उभे राहिले. बाईंनी ऐकून घेतलं.

"इजा झाली नाही ना कोणाला? मग मी तोंडी ताकीद देते. तुमच्यासारखा काळजी घेणारा माणूस मला दुसरा मिळायचा नाही, भाऊजी. विसरतं माणूस."

"विसरलो असतो तर आलोच नसतो, बाई."

"म्हणजे?"

"पिन ओढल्याचं मला आठवतंय. जरा घट्ट बसली होती, कोमट लागली, खिशात टाकली. आत्तासुद्धा आठवतंय. आणि ती बोर्डातच होती. विसरण्यावर नियम करता येतो, मी केला. याच्यावर मला नियम सापडत नाही."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

पिनेवर रोपवाटिकेतली एक कामगार बाई द्यायची आणि भाऊजींनी भांडारात बसून साखळ्यांना धार लावायची, असं ठरलं. बारक्या तिथेच अडून बसला.

"या बाईंना मी ओळखत नाही. यांच्या भरवशावर साखळीत हात घालू?"

"घाल. त्या नव्या आहेत, त्या बघून काढतील. मला सवय झालीय."

मग भाऊजींनी त्या नव्या बाईला बोर्डापाशी उभं करून शिकवलं. वायर कापणाऱ्याच्या मागे राहिली पाहिजे. त्याने करवत खांद्याच्या वर नेली, किंवा टोकाने कापायला गेला, की न विचारता पिन ओढायची, कारण टोक लाकडाला लागलं की करवत उसळून तोंडावर येते. तिने मान डोलावली आणि नव्या एप्रनचा खिसा चाचपून पाहिला.

"तेवढं करू नका," भाऊजी म्हणाले. "हाताचं ऐकायचं नाही. खाली बघायचं, बोर्ड रिकामा दिसला की मगच 'काढली' म्हणायचं. रोज, दर वेळी. मी असं करत नव्हतो."

त्या दिवशी छाटणी विभागाच्याच आवारात होती. भाऊजींनी भांडाराची खिडकी उघडी ठेवली, एक साखळी शिकंज्यात धरली आणि कानस हातात घेतली. बाहेरून तिचा "लावली" असा आवाज आला आणि करवत सुरू झाली. अठरा वर्षांत त्यांनी पिन न लावता ती पहिल्यांदाच चालत होती. ते साखळीचे दात मोजून घासत राहिले.

थोड्या वेळाने आवाज थांबला. म्हणजे आता बारक्याचा हात साखळीत असणार. भाऊजींची कानस दातावर टेकलेली तशीच राहिली. ते खिडकीकडे गेले नाहीत. बाहेर कोणीतरी काहीतरी बोललं, पुन्हा शांत झालं.

बऱ्याच वेळाने करवत परत सुरू झाली, तेव्हा त्यांनी पुढचा दात घासायला घेतला.