रुमिनीचं सुतक

आमा, म्हणजे घरच्या आजी, गेल्या आणि रुमिनीचा कामाचा परवानाही त्यांच्याबरोबरच गेल्यात जमा झाला. तैवानात सेवेला आलेल्या बाईचा परवाना तिच्या म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला बांधलेला. माणूस गेलं की साठ दिवसांत दुसरं घर शोधायचं, नाहीतर मुकाट्याने विमानात बसायचं. नऊ वर्षं जिचं अंग पुसलं, जिला पेज भरवली, तिच्यासाठी धड रडायलाही फुरसत नाही. तिकडे इंडोनेशियात, जावा बेटावर, रुमिनीची लेक नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. आई आत्ता परत गेली असती, तर पोरगी शिक्षण सोडून कपड्यांच्या कारखान्यात बसली असती.

अंत्यविधीच्या दिवशी आमांची मुलगी शू-हुई हिने रुमिनीच्या उजव्या बाहीवर निळ्या कापडाचा तुकडा टाचला होता.

"तू नातच होतीस तिची. नातीला निळा. शंभर दिवस काढायचा नाही हं."

रुमिनी पाच वेळा नमाज पढणारी. पण त्या घरात नऊ वर्षांत तिला कुणी नात म्हटलं नव्हतं. तिचा ऊर भरून आला. रोज अंगातले कपडे बदलले की ती तो तुकडा नव्या बाहीवर टाचायची.

नोकरी शोधून देणारी चिउबाई तिला स्कूटरवरून घरोघरी न्यायची आणि स्वतः खाली फोनवर बोलत बसायची. वर रुमिनी चपला काढी, जाकीट काढी आणि घरच्यांचे चेहरे उतरत. "कळवतो," म्हणत दार लागे. तिची भाषा चांगली, पाठीत ताकद, वर नऊ वर्षांचा अनुभव. घोडं कुठे अडतंय ते तिला कळेना.

"आज तर मी बाहेर पडल्यावर मागून दारात मीठ नि तांदूळ फेकले," तिसऱ्या घरून खाली येऊन ती म्हणाली. जाकीट हातातच होतं.

"मीठ?" चिउबाईने फोन कानावरून काढला. तिची नजर बाहीवर गेली. "अगं माझे आई! हे लावून तीन घरं फिरलीस?"

"शू-हुईताईंनी सांगितलंय. शंभर दिवस."

"सुतक घेऊन दुसऱ्याच्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नसतो, हे नाही सांगितलं तिने? तिला काय, तिला कुठे नोकरी मागत फिरायचंय! जिथे म्हातारी अंथरुणाला खिळलीय तिथेच तू मरण घेऊन गेलीस, बये. परवान्याचे नऊ दिवस उरलेत. काढ ते."

रुमिनीने त्या दिवशी तो तुकडा काढला नाही. चौथ्या घरी जाताना मात्र लिफ्टमध्ये काढला आणि पर्सच्या तळाशी घातला. आपण फार वाईट वागतोय असं तिला वाटलं. तसं ती वागतही होती, पण लिफ्ट सहाव्या मजल्यावर पोचली होती.

त्सेंग नावाच्या मास्तरांचं घर. त्यांच्या आईची डावी बाजू लुळी होती, जीभ मात्र चांगली तिखट.

"हात दाखव. हं, कामाचे आहेत. याआधी कुणाकडे होतीस?"

"एका आमांकडे. नऊ वर्षं."

"मग सोडलंस का तिला?"

मास्तरांनी कागद वाचले होते; आमा वारल्याचं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला आणि रुमिनीकडे पाहिलं.

"त्या त्यांच्या मुलाकडे गेल्या," रुमिनी म्हणाली. "तैचुंगला."

"बरी आहे?"

"हो. जेवण जातं आता."

मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला आणि पेन मागितलं. करार झाला. तीन वर्षांचा. लेकीचं वर्ष वाचलं, परवाना वाचला. रुमिनीला आनंद व्हायला हवा होता.

तेवढ्यात म्हातारीने चांगल्या हाताने तिचं मनगट धरलं. "नऊ वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. तिला करमत नसेल बघ. सुना काय बोलतात म्हाताऱ्या माणसाशी! लाव फोन. सांग, चांगलं घर मिळालं. मीही बोलते दोन शब्द."

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले.

रुमिनीने फोन काढला. आमांच्या घरचा नंबर तिच्या बोटांना पाठ होता. रिकाम्या घरात घंटा वाजत राहिली. त्या घराचा कोपरा न् कोपरा तिला माहीत होता. फोनपासून आमांच्या पलंगापर्यंत सात पावलं.

"उचलत नाहीत," ती म्हणाली. "झोपल्या असतील."

"मग उद्या लाव," म्हातारी म्हणाली. "मी आठवण करून देते तुला. रोज देते."

आणि तिने खरोखरच रोज आठवण करून दिली.