सडका चोथा

बटाट्यातलं स्टार्च काढून घेतल्यावर उरतो तो चोथा. ग्रोनिंगेन या डच प्रांताकडे पूर्वी तो गाईंपुढे पडायचा. आता तो धुऊन, वाळवून, दळून पांढरी पूड करतात आणि पोटाला चांगली म्हणून माणसांच्या खाण्यात घालतात. पुडीला ना वास असावा, ना चव. ते तपासायला कारखान्यात पाच जण बसत. रुल्फीन त्यांतली एक.

तीन आठवड्यांपूर्वी पंप बिघडला आणि चोथा दोन दिवस हौदात सडला. त्याची पूड जिभेवर ठेवताच रुल्फीनला उमळून आलं. आंबट, भिजल्या गोणपाटाचा वास. शी! बाकीचे चौघे मात्र खुशाल माना डोलावत होते.

"बाई, नाक आहे की काय आहे?" कारखान्याचा व्यवस्थापक वुबोसाहेब हसला. "प्रयोगशाळेने पास केलंय. कर सही, आम्हाला घरी जाऊ दे."

तिने चारदा चूळ भरली आणि सही केली. स्वतःचीच किळस आली तिला, पण सही केली.

आज ती वृद्धाश्रमात आली, ती वडिलांचा, डेर्कचा, निरोप घ्यायच्या तयारीने. डेर्कने दोन आठवडे अन्नाला तोंड लावलं नव्हतं.

"सूप थुंकतात, लापशी थुंकतात," परिचारिका आनेखीन हळूच म्हणाली. "'चोथा, चोथा' असं काहीबाही बरळतात. डॉक्टर म्हणाले, त्यांना आता जगायचंच नाही, बळजबरी नको."

रुल्फीनने लापशीचा चमचा उचलला आणि नाकाशी नेला. तोच वास.

"यात काय घातलंय?"

"नवी पूड. त्यांना पातळच देतो, त्या सगळ्यात घालतो. तुमच्याच कारखान्याची की, ताई!"

"ब्रेड आणा. नुसतं लोणी लावून. पळा!"

चाळीस वर्षं गाई पाळलेल्या डेर्कने ब्रेड हुंगला, मग दोन तुकडे मटामटा खाल्ले.

"सडका चोथा चारतात मला," तो खरखरला. "माझ्या गाईसुद्धा शिवायच्या नाहीत त्याला. कुठल्या गाढवाने पास केला गं?"

रुल्फीनच्या हातात अजून तो वाडगा होता.

"मी, बाबा."

डेर्कने तिच्याकडे पाहिलं. मग लापशी पाहून फिरवायचा, तसं तोंड भिंतीकडे फिरवलं.