व्हेल्माराची वाटणी

सामान परत न्यायला टेम्पो आला, की आर्णीतल्या कुठल्याच गल्लीला वेगळं सांगावं लागत नाही. पायलच्या आंदणाचा पलंग अंगणात उभा होता, कपाट दारात अडकलं होतं, आणि मध्यस्थ म्हणून बोलावलेले धर्मपालकाका त्या कपाटाला समजूत घातल्यासारखे ढकलत होते. पायल आणि अश्वजितची मध्यस्थीही त्यांनी अशीच केली होती. नवराबायको सुटले, कपाट तेवढं अडकलं.

भांडणाचं कारण दोघांनाही नीट सांगता येत नसे. बाळ पोटातच गेलं. त्यानंतर पायल उमरखेडच्या दवाखान्यात जास्तीच्या ड्युट्या घेऊ लागली आणि अश्वजित आपल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर मेलेले फोन उघडून बसू लागला. घरात बोलणारा म्हणजे एक मिक्सर. आता कोर्टाचंही उरकलं होतं, सामान तेवढं राहिलं होतं.

अश्वजितला मात्र आतून वाटत होतं, पायल एखाद्या वस्तूसाठी तरी अडून बसेल. अडली तर भांडेल, भांडली तर बोलेल. त्यापुढचं ठरवायची त्याची हिंमत नव्हती.

तेवढ्यात कुरिअरवाला आला. "पायल मॅडम कोण? ओटीपी सांगा."

खोकं व्हेल्माराचं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघं रोज संध्याकाळी हा व्हिडिओ गेम खेळत. तो तलवारवाला, सगळ्यांच्या पुढे पळून मरणारा. ती वैदूबाई, शिव्या देत मागून येऊन त्याला जिवंत करणारी. "आता मेला तं मी येणार नाही," असं म्हणायची आणि यायची. नव्या भागाची कलेक्टर्स एडिशन, म्हणजे सोबत भेटवस्तू असलेलं खास खोकं, दोघांनी मिळून मागवली होती. कंपनीनं तारीख ढकलली, मग पुन्हा ढकलली. तिकडे गेममधला एक राक्षस तयार होईपर्यंत इकडे एक संसार उभा राहून मोडलासुद्धा.

"चार, शून्य, नऊ, दोन," पायल अश्वजितकडे बघत म्हणाली. कित्येक महिन्यांत ती त्याच्यासमोर एवढं लांब बोलली नव्हती.

"हे आंदणातलं काय?" पायलचे वडील भीमराज यांनी विचारलं.

"नाही मामाजी," अश्वजित म्हणाला. "आमचं दोघायचं हाय."

"दोघायचं म्हंजे अर्धं अर्धं," धर्मपालकाकांनी निकाल दिला आणि खोकं फोडलं.

कापडावर छापलेला नकाशा निघाला. काकांनी तो पायलपुढे धरला.

"त्यालेच द्या काका. बाजारात पाठवलं तं रस्ता चुकून चौकातच फिरत राहे."

भीमराज हसले. अश्वजितही हसला, आणि हसू आवरायचं कसं ते त्याला समजेना.

शेवटी पुतळा निघाला. तलवारवाला आणि वैदूबाई, पाठीला पाठ लावलेले, एकाच दगडावर उभे.

काकांनी तो उलटा करून पाहिला. "जोड तं कुठं दिसत नाही. बाबू, तुह्या दुकानात कापाले हेक्सा ब्लेड असन ना?"

स्वयंपाकघरातून अश्वजितची आई सत्यभामा ओरडली, "बाप्पा! धर्मपालभाऊ, आता बाहुल्यायचीही फारकत करता काय?"

अश्वजितच्या छातीत काहीतरी उजळलं. हे तुटणार नव्हतं. इथे पायलला अडावंच लागणार होतं.

"पूर्ण त्यालेच राहू द्या," पायल म्हणाली.

"काहून?" अश्वजितनं विचारलं. "अर्धं तुहं हाय."

"मले नको."

"अवं, भांड तरी!"

काकांनी पुतळा हळूच पलंगावर ठेवला. पायल पदराशी चाळा करत म्हणाली, "भांडाची ताकद राह्यली नाही अश्वजित. बाळ गेलं तवा दवाखान्यात लय वाट पाहली मी तुही. तू बाहेर बाकड्यावर बसून होता. आत आला नाही."

"मले काय बोलाव, समजून नाही राह्यलं होतं."

"बोलाचं नव्हतंच काही. आत यायचं होतं फक्त."

काका पुन्हा कपाटाला भिडले. कपाट मग एका दमात बाहेर आलं, जणू तेही ऐकत थांबलं होतं.

सामान चढलं, पुतळा तेवढा अंगणात राहिला. पायल आणि भीमराज पुढे बसले. ड्रायव्हरनं चावी फिरवली, टेम्पो खोकला आणि गप्प झाला. पुन्हा फिरवली, पुन्हा खोकला.

"धक्का माराव लागते," ड्रायव्हर म्हणाला.

काकांची कंबर धरलेली. म्हणून अश्वजितच मागे गेला. स्वतःच्या हातानं स्वतःच्या बायकोला धक्का मारून घराबाहेर काढणारा गल्लीतला तो पहिलाच नवरा असावा. त्यानं हात टेकवले आणि ढकलल्यासारखं केलं. टेम्पो जागचा हलला नाही. त्यानं परत तसंच केलं. अशानं संध्याकाळ होईल, मग आई म्हणेल, आजच्या दिवस राहा.

खिडकीतून पायलचं डोकं बाहेर आलं. तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. रागानं नाही, हाच घोळ होता.

"अश्वजित," ती म्हणाली, "जोर लाव."

त्यानं लावला.