कठड्यालगतचं टेबल

खांबाआड जागा आहे, तिथे बसा, असं वेटरने दुसऱ्यांदा सांगितलं, तरी माझ्या थोरल्या जाऊबाई कठड्यालगतच्या खुर्चीवरून हलल्या नाहीत. समुद्राकडे तोंड करून, पिशवी मांडीवर घट्ट धरून बसून राहिल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

याच हॉटेलच्या तळघरात कपडे धुण्यात आणि इस्त्री करण्यात त्यांचा जन्म गेला. यायचं मागच्या दाराने, जायचंही मागच्या दाराने. समुद्र जवळ आहे हे त्यांना टॉवेलांतून सांडणाऱ्या वाळूवरून कळायचं. आता काम सुटलं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्या कायमच्या लेकीकडे निघाल्या होत्या, जिथे समुद्र औषधालाही नाही. जाण्याआधी शहर बघायचं आणि या गच्चीवर बसून खायचं, असा हट्टच धरला त्यांनी.

शहर आम्ही जवळजवळ फुकटात उरकलं. लाँचने पलीकडच्या काठाला गेलो आणि न उतरता त्याच लाँचने परत आलो. मासळी बाजारात लिलाव पाहिला, घेतलं काहीच नाही, वर भाव फार आहे म्हणून नाकं मुरडली. दीपगृहाच्या पायरीवर बसून मी शेंगदाणे खाल्ले. जाऊबाईंनी एक दाणा तोंडात टाकला नाही, भूक इथल्यासाठी राखून ठेवली होती.

वेटर मुख्य वेटरला घेऊन आला. त्याने ओळखलंच.

"मावशी, तुम्ही इथे? हे टेबल पूर्ण जेवण घेणाऱ्यांसाठी असतं."

"मावशी खाली. इथे मी गिऱ्हाईक," जाऊबाई म्हणाल्या. "एक तळलेला मासा आण आणि पाव. खांबाआड बसलं तर पैसे कमी घेतोस का?"

तो काहीतरी पुटपुटत गेला, पण मासा आला. एकाच प्लेटमध्ये आम्ही दोघींनी खाल्लं, अगदी काटे चोखून. मनातून मला त्यांचा फार अभिमान वाटत होता, तरी चला आता, असं मी हळूच म्हटलं.

प्लेटशेजारी पांढराशुभ्र रुमाल होता. जाऊबाईंनी त्याची घडी निरखली, कोपरे जुळलेत का ते पाहिलं आणि रुमाल बाजूला सारून पिशवीतला आपला फडका काढला.

"खालच्या नव्या पोरीची घडी आहे," त्या म्हणाल्या. "माशाचा तेलकट डाग काढताना जीव जातो गं. किती जणांना शिव्या घातल्या असतील मी."

"मग राहू दे ना, ताई."

त्यांचे डोळे भरून आले होते. मग फडका पिशवीत टाकला, रुमाल झटकून उघडला आणि बोटं पुसली, तोंड पुसलं, चांगलं रगडून.

"घालू दे शिव्या. एकदा मलाही कुणीतरी घालू दे."

रुमाल तसाच चुरगळून त्यांनी प्लेटमध्ये टाकला आणि त्या समुद्राकडे बघत बसल्या.