घडीबाईचा कमावता नवरा

साहेब, घडीबाईला नवरा तुम्ही दिलात आणि तिची आई तुम्हीच खोडलीत. मी शेजारच्या टेबलावर इस्त्री करत होते. मी पाहिलं.

किमान पगार वाढवावा की नाही हे ठरवायला तुमची समिती आमच्या लाँड्रीत आली, तेव्हा वाफेत सगळंच तरंगत होतं. पांढऱ्या चादरी, तुमचे चष्मे, मालकांचं हसू. घडीबाईच्या घडीत कोपरा कोपऱ्याला विचारून बसतो. म्हणून तिला हे नाव.

"घरी कोण?" तुम्ही विचारलंत.

"मी आणि आई. तिला दिसत नाही."

"नवरा?"

"नाही केला."

"इस्त्री म्हणजे बायकांचं काम. त्याचा दर घरात कमावता नवरा धरूनच निघतो. आई धरत नाहीत."

"म्हणजे नाही तो धरायचा आणि आहे ती सोडायची?"

"सरासरी असते, बाई."

मालक म्हणाले, "वाढवा पगार. मी यंत्र आणतो, त्याला आईच नसते."

सगळे हसले. मीसुद्धा, पोटासाठी हसावं लागतं. घडीबाईनं इस्त्री तेवढी उचलून धरली, चादर जळू नये म्हणून.

तिला वाढ हवी होती ती दुसरी पाळी सोडायला. त्या पाळीपायी म्हातारी आणखी चार तास बाहेरून लावलेल्या कुलपाआड बसते.

पंधरवड्यानं निकाल लागला. धुलाईवाल्या पुरुषांचा दर वाढला, आमचा होता तिथेच. त्या दिवशी मी तिच्याबरोबर घरी गेले. तिनं कुलूप काढलं. म्हातारीनं लेकीचे तळहात आपल्या गालांना लावले; इस्त्रीची ऊब त्यांत उरलेली असते.

"काय ठरलं गं?"

"मला नवरा ठरलाय, आई. कमावता आहे."

"अगंबाई. दिसायला कसा?"

"अजून कुणी पाहिला नाही."

"मग माझ्यासारखीला चालेल."

दोघी हसल्या. मग म्हातारी भिंतीकडे सरकली, अर्धा पलंग मोकळा केला आणि तिथल्या चादरीवरून हलकेच हात फिरवला, कुणी नुकतंच निजलंय असा. खिडकीतला उजेड त्या जागेवर वाफेसारखा हलत होता. क्षणभर मलाही तो दिसला, दमून आलेला, बूट न काढताच झोपलेला.

"तो घरी असला की कुलूप नको लावूस हं," म्हातारी म्हणाली.

घडीबाईनं चादरीची सुरकुती काढली.

कुलूप अजून लागतंय, साहेब. अर्धा पलंग मोकळाच आहे. तुमच्या कागदावरचा तो माणूस कामाला कुठे जातो आणि पगार कुणाच्या घरी देतो? म्हातारी रोज विचारते. उत्तर लेखी द्या. मी तिला वाचून दाखवीन.