बोरीखालची जागा

"गाडीचं चाक बसलंय, आई. शिवाय वर ऊन मरणाचं आहे. मी घालून येतो ना थडग्यावर पाणी, दरवर्षीसारखं," मुतलक म्हणाला.

"गुडघ्यांनी दगा दिला म्हणून तुला पाठवत होते," फिद्दा म्हणाली. "आता टेकडीवर गाडीरस्ता झालाय. तुम्हीच केलात, खोदकामासाठी. उद्या ईद, मला माझ्या लेकीला भेटू दे. चल, नखरे पुरे."

लेक म्हणजे नौफा, मुतलकची थोरली बहीण. दूध सुटायच्या आत गेली. अशा तान्ह्यांना गाव टेकडीवरच पुरायचं. नाव नाही, दगड नाही, गोट्यांचं एक कडं तेवढं. नौफाचं कडं टेकडीच्या पाठच्या अंगाला, बोरीच्या झाडाखाली होतं.

होतं. आता नव्हतं, आणि ते फिद्दाला ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी अम्मानहून पुरातत्त्वाची डॉक्टर लमीस आली. टेकडीच्या पोटात जुनं गाव आहे, म्हणाली; पवित्र ग्रंथात त्याची ओळ एकच, राजाने जाळलं एवढीच. "पण रईस, वरची थडगी कुणाची? गावात विचारून सांगा. गावकऱ्यांची असतील तर आम्ही दुसरी टेकडी बघू." मुतलक नुकताच खोदकामाचा रईस, म्हणजे मुकादम, झाला होता. 'रईस' म्हटलं की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आठवण ठेवणारी म्हातारी गावात एकच उरली होती, आणि ती रोज त्याला जेवायला वाढत होती. त्याने तिला विचारलं नाही. "कुणाची नाहीत," तो म्हणाला. "वाटसरू बदू टोळ्यांची असतील." मेल्याची जीभ जराही अडखळली नाही.

बोर तोडली. इवलीशी हाडं त्यानेच खोक्यात ठेवली, दृष्टीच्या निळ्या मण्यासकट. त्यानंतरच्या ईदलाही तो आईची सुरई घेऊन वर गेला आणि खड्ड्याच्या काठावर पाणी ओतून आला. घरी येऊन आईच्या नजरेला नजर देता येईना.

आज टेकडीवर लमीस हसत पुढे आली. "या, हज्जा आजी! बघा तुमच्या लेकाचं काम." खाली जुन्या गावाची वेस उघडी पडली होती. मातीच्या विटा आगीने लाल झालेल्या, उंबऱ्याचा दगड मधोमध झिजलेला. "इथे कुणीतरी धान्याचा रांजण टाकून पळालं. दाण्यांचा कोळसा झालाय, बघा."

फिद्दा बोर शोधत होती.

"पोरी, इथं थडगी होती ना गं?"

"होती. रईस म्हणाले कुणाची नाहीत, म्हणून तर खाली जाता आलं. हाडं अम्मानला जपून ठेवलीत. कुणी आपली म्हणून सांगितलं, तर पुरायला परत देतो आम्ही."

फिद्दाने लेकाकडे पाहिलं. त्याने एवढंच म्हणायचं होतं, आमची आहे, माझी बहीण आहे. पण भोवती मजूर उभे होते, 'रईस, रईस' करणारे. मुतलक मान खाली घालून बुटाने माती उकरत राहिला.

फिद्दाने बराच वेळ वाट पाहिली. मग सुरईच्या तोंडावर ओढणीचं टोक धरून ती लमीसला म्हणाली, "माझा मुलगा म्हणतो ना कुणाची नाहीत? मग नसतील. त्याला माहीत असणार."

गाडी टेकडी उतरताना भरलेली सुरई तिच्या मांडीवर होती. आईने चार शिव्या हासडल्या असत्या तर सुटलो असतो, असं मुतलकला वाटलं. शेवटी न राहवून तोच बोलला, "आई, पाणी तसंच राहिलं."

"राहू दे," फिद्दा म्हणाली. "मी मेल्यावर माझं पाणी कुठं ओतणार आहेस, ते सांग."