गळ्यातला पट्टा

आमच्या घरात वीस हजारांच्या वर काही साठलं की सरकारी फुकट उपचारांचं कार्ड रद्द. कार्ड रद्द झालं की आमच्या ह्यांचं आठवड्यातून दोनदा होणारं डायलिसिस बंद. म्हणजे गरिबाने गरीब राहायचं, आणि तेही नेमाने! आमचे हे स्वभावाने गरीब आहेतच, पण कार्डाला तेवढं पुरत नाही.

मी शिवणकाम करते. कापडाच्या कडा बांधणारं ओव्हरलॉक मशीन घेतलं तर शाळेच्या गणवेशाचं काम कायमचं मिळणार होतं. जुनं मशीन बत्तीस हजारांचं. बत्तीस हजार जमवायचे तर आधी वीस ओलांडायला हवेत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी मशीन दुरुस्त करणाऱ्याशी बोलले आणि तुकड्यातुकड्यांनी घेतलं. आधी स्टँड आणला, त्यावर टीव्ही ठेवला. मग टेबलाची फळी आली, तिच्यावर मी पोळ्या लाटल्या. मोटर वर्षभर पलंगाखाली होती. शेवटी वरचं मशीन आलं. ते जोडून चालू झालं त्या दिवशी मी रडले, आणि रडता रडता दोन फ्रॉक शिवले.

पण चालू मशीन मालमत्तेत धरतात. बंद असेल तर भंगार, ते मोजत नाहीत. हा नियम मला कार्डाच्या कचेरीतल्या खिडकीवरच्या कारकुनाने सांगितला होता. म्हणून तपासनीस बाई यायच्या दिवशी मी मोटरचा पट्टा काढला आणि मोजायच्या टेपबरोबर गळ्यात घातला. ह्यांना खोटं बोलता येत नाही, म्हणून थर्मामीटर तोंडात देऊन आत निजवलं.

बाई आल्या, बसल्या, पासबुक पाहिलं. माझं लक्ष मात्र त्यांच्या कोटाकडे. बाहीचं अस्तर उसवून लोंबत होतं. माझ्याने बघवेना. म्हटलं, द्या इकडे बाही, आणि अंगावरच टाके घालायला घेतले. त्यांनी विचारलं, मशीन चालतं का? नाही म्हटलं. ते तर खरंच होतं. मग दोरा तोडायला वाकले आणि गळ्यातला पट्टा घसरून त्यांच्या मांडीवर पडला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला दवाखान्यातली ह्यांची खुर्ची दिसायला लागली, रिकामी. भीतीच्या जोडीला माझा रागही उफाळून आला.

"बाई, मशीन चाललं तर कार्ड जातं, आणि कार्ड गेलं तर माणूस जातो," मी म्हटलं. "पण हेच मशीन दोन वर्षं चालू द्या, तुमचं कार्ड मी स्वतः परत आणून देते. ती दोन वर्षं मी कुठल्या कपाटात लपवू?"

बाईंनी पट्टा उचलला, गुंडाळला आणि आपल्या बॅगेत टाकला. मग माझ्यासमोर अर्जावर लिहिलं: मशीनला पट्टा नाही, बंद. बाहीवरून एकदा हात फिरवला आणि निघून गेल्या.

कार्ड वाचलं होतं, पण पट्टा गेला. सोमवारी चाळीस गणवेश द्यायचे होते. मी बाईंना मनातल्या मनात शिव्या घालत तशीच चपला सरकवून मशीनवाल्याकडे गेले. तोंड उघडायच्या आत त्याने कागदात गुंडाळलेला पट्टा पुढे केला. दीडशे म्हणाला.

मी विचारलं, तुला कसं कळलं?

"आज तुमच्या गल्लीत तपासणी ना," तो म्हणाला. "तुमचा हा आजचा तिसरा पट्टा. बाई आदल्या दिवशी येऊन सांगून जातात, पट्टे आणून ठेव म्हणून."

मी दीडशे दिले. घरी आले तर हे थर्मामीटर तोंडात धरूनच बसले होते.